पट्टी धरणारी

पाइप ऑर्गन सुरात लावायचा तर माणसं दोन लागतात. एक आत, एक बाहेर. आतला माणूस नळ्यांच्या गर्दीत अरुंद फळीवर बसून एकेक नळी सुरात आणतो, आणि बाहेरचा पट्ट्यांपुढं बसून सांगितलेली पट्टी दाबून धरतो. धरतो म्हणजे नुसती धरतो, वाजवायचं काही नाही. आतून ‘पुढं’ असा आवाज आला की ही पट्टी सोडायची, शेजारची धरायची. पुन्हा ‘पुढं’ येईपर्यंत बोट हलवायचं नाही. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हेच. याच्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल, आणि पेटीमास्तरांच्या बायकोनं ते लग्न झाल्यापासून मरेपर्यंत केलं.

पेटीमास्तर हे नाव लोकांनी ठेवलेलं. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. "दोन मजली घराएवढं धूड, आणि त्याला पेटी म्हणता? मग हत्तीला उंदीर म्हणा!" असं ते फणकारायचे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. बायको तर मुद्दाम चारचौघांत हाक मारायची, "अहो पेटीमास्तर, चला!"

बाई मोठी हुशार. डाव्या हाताचं बोट पट्टीवर, उजव्या हातानं मासिकाची पानं उलटायची. ‘पुढं’ ऐकलं की पट्टी सोडायची, श्वासाएवढी थांबायची आणि मग पुढची धरायची. ते थांबणं मास्तरांना इतकं पाठ होतं की त्यावरून बाईसाहेबांचा मूड कळायचा. आणि आत मास्तर फार वेळ गप्प राहिले तर ती तीच पट्टी दोनदा झटकन दाबायची. टुक टुक. म्हणजे, झोपलात का? मास्तर आतून ओरडायचे, "जागा आहे गं!" संसारातलं निम्मं बोलणं त्यांचं असं लाकडी भिंतीच्या आरपार झालं.

गेल्या थंडीत ती गेली. साधा ताप म्हणून झोपली, ती उठलीच नाही.

त्यानंतर मास्तर एकट्यानं काम करायला लागले. पट्टीवर शिशाचा तुकडा ठेवायचा, धापा टाकत आत शिरायचं, नळी लावायची, बाहेर यायचं, तुकडा शेजारच्या पट्टीवर सरकवायचा, पुन्हा आत. गुडघ्यांचा पार भुगा झाला. मदतीला माणूस घ्या, असं जो तो सांगायचा. "मला नाही जमत परक्याशी," म्हणून ते उडवून लावायचे. खरं म्हणजे तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना बघवलं नसतं. आणि घरी गेलं की घर खायला उठायचं. चहा एकट्यापुरता करायचा म्हटलं तरी पातेल्यात पाणी दोघांचं पडायचं. ओतून द्यायला नको म्हणून मास्तर तो सगळा चहा स्वतःच प्यायचे आणि मग रात्र रात्र टक्क जागे.

मुलगी दूरच्या शहरात. फोनवर रोज एकच घोशा, "बाबा, इकडे या." जावईही बिचारा भला, तोही री ओढायचा. शेवटी मास्तरांनी हात टेकले. म्हणाले, "मोठ्या चर्चचं काम हातात आहे. ते उरकतो नि येतो."

"उरका मग," मुलगी म्हणाली. "मी स्वतः न्यायला येणार आहे. नाहीतर पुढच्या वर्षीही हेच ऐकवाल."

ते चर्च गावातली सगळ्यात जुनी इमारत. गॉथिक धाटणीचं, काळपट दगडाचं, बाहेरून भिंतींना दगडी हातांचे टेकू दिलेले. जाड दार ढकलून आत गेलं की रस्त्यावरची सगळी कटकट एकदम मागं राहायची. मग समोर ते खांब. इतके उंच, की बघता बघता माणसाची मान मागं जायची आणि तोंड आपोआप उघडायचं. खांब वर जाऊन फुटत, त्यांच्या फांद्या एकमेकींत टोकदार अडकत, आणि छत म्हणजे नुसत्या दगडी बरगड्या. खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन यायचं ते फरशीवर लाल-निळं सांडायचं आणि दिवसभर बाकांवरून हळूहळू सरकत जायचं. मेण, ओला दगड आणि जुन्या लाकडाचा वास. ज्यांचा देवाधर्माशी काडीचा संबंध नाही असेही लोक यायचे, दुपारी एकेकटे बसायचे, आणि कुणी न सांगता हळू आवाजात बोलायचे.

बायकोचं हे लाडकं चर्च. इथलं काम निघालं की स्वारी आदल्या दिवसापासून खुशीत. मास्तर तिला समजावून सांगायचे, "अगं, कमानीला टोक काढलं की छताचा भार खांबांतून सरळ खाली उतरतो. भिंतीवर ओझं राहत नाही, म्हणून एवढाल्या खिडक्या. बाकी काही नाही, सगळा हिशेब आहे."

"असेल हो हिशेब," ती म्हणायची. "पण इथं आलं की एकटं असल्यासारखं वाटत नाही, त्याचा कुठला हिशेब?"

"तो घुमणारा आवाज. इथं आपण शिंकलो तर छतही शिंकतं. म्हणून वाटतं, कुणीतरी आहे."

"हो ना," ती म्हणायची, "कुणीतरी आहे." आणि हसायची.

या खेपेला मास्तर एकटेच मागच्या दारावरच्या सज्ज्यात चढले. गोल जिन्यात दोनदा टेकले. पट्ट्यांपुढचं बाक त्यांनी बाहीनं पुसलं, त्यावर बसले मात्र नाहीत. पंखा चालू केला. ऑर्गनच्या पोटात हवा भरल्याची घरघर सुरू झाली. शिसं ठेवलं, आत शिरले, नळ्या लावायची ठोकणी काढली आणि कामाला लागले.

पहिल्याच दिवशी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पुढं."

पट्टीवर शिसं. ते कसलं पुढं सरकणार? सूर होता तसा वाजत राहिला. मास्तरांचा शब्द तेवढा छताकडे गेला आणि तिथं बराच वेळ घोटाळत राहिला. त्यांना इतकं लागलं, की ओठ दातांखाली धरूनच ते बाहेर आले आणि शिसं सरकवलं.

मग दुसऱ्या दिवशी पुन्हा निघून गेलं. आणि सूर बदलला.

मास्तर फळीवर तसेच बसून राहिले. घाबरायचं काही कारण नव्हतं. शिसं घसरलं असणार. बाहेर येऊन पाहिलं, तर शिसं शेजारच्या पट्टीवर, बरोबर मधोमध. ‘मघाशी आपणच दोन घरं सरकवलं असेल,’ ते मनाशी म्हणाले. ‘वय झालं.’ 

दुपारी पुन्हा तेच. या वेळी शिसं बाकावर पडलेलं आणि पट्टी आपली खालीच. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी अडकून बसते, यात नवल ते काय! मास्तरांनी बोटानं हलकेच उचलून पाहिली. पट्टी अडकलेली नव्हती. बोट लागताच ती आपणहून वर आली, एखाद्यानं हात मागं घ्यावा तशी. मास्तरांनी सगळी पट्टी तपासली, खालची तार तपासली, स्प्रिंग तपासली. कशातच काही खोट नव्हती. त्यांना दोष सापडला असता तर फार बरं वाटलं असतं.

आणि मग ती दुपार आली. बारीक नळ्यांची रांग होती. पेन्सिलीएवढ्या नळ्या, कान ताणून ऐकाव्या लागतात. दोन नळ्या सुरात नसल्या की आवाजाला हेलकावे येतात. जुळत आल्या की हेलकावा मंद होतो, आणि जुळल्या की थांबतो. तो थांबला, आणि मास्तरांना काय झालं कोण जाणे, पाठ लाकडाला टेकवून ते रडायला लागले. ती गेली तेव्हा लोक होते, धावपळ होती, मुलीला सावरायचं होतं. रडायचं राहूनच गेलं होतं. आता त्या अंधाऱ्या खोक्यात, एवढासा सूर कानाशी वाजत असताना, म्हातारा हमसून हमसून रडला. किती वेळ गेला त्यांना कळलं नाही.

सूर थांबला.

टुक टुक.

"जागा आहे गं!" मास्तर म्हणाले. तोंडानं आपलं आपण म्हटलं, आणि मग त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

बाहेर श्वासाएवढी शांतता. मग पुढचा सूर लागला आणि लागून राहिला.

ते बाहेर गेले नाहीत. गेले असते तर बाक रिकामं दिसलं असतं, आणि ते बघायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी डोळे पुसले, ठोकणी उचलली, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "पुढं."

त्या दिवसापासून शिसं खिशातच राहिलं. सकाळी मास्तर पट्ट्यांकडे पाठ करून पंखा चालू करायचे आणि पाठमोरेच आत शिरायचे. काम सरसर व्हायला लागलं. बोलणंही सुरू झालं. सूर धरलेला असायचा आणि मास्तर आतून सांगत सुटायचे. शेजाऱ्यानं तिची झाडं मारली, जावयाचं पोट सुटलंय, चहाच्या पाण्याची तर रोजचीच बोंब. बाहेरून उत्तर कधी आलं नाही. पण नवऱ्यांच्या बोलण्याला बायका उत्तर देतातच असं कुठं आहे? आपल्याच एका विनोदावर मास्तर एकदा खदखदून हसले, आणि ते हसणं छतात जाऊन असं भरून आलं की दोघं हसल्यासारखं वाटलं. दाढी व्हायला लागली. सदरा धुतलेला दिसायला लागला. इतके महिने छातीवर धोंड घेऊन हिंडलेल्या माणसाला कुणीतरी ती उतरवून ठेवायला जागा दिली होती.

चर्चची राखण एक वयस्कर बाई करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या फारशा बोलत नसत. एके दिवशी मात्र झाडू घेऊन जिन्याशी थांबल्या.

"मास्तर, तब्येत सुधारली तुमची."

"काम बरं चाललंय."

"माणूस मिळालं वाटतं मदतीला."

मास्तर चपापले. "का हो?"

"बोलण्याचा आवाज येतो वरून."

"एकट्याला बडबडायची खोड आहे मला."

"हं," मावशी म्हणाल्या. थोडं झाडलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "काचवालाही असंच म्हणायचा."

"कोण काचवाला?"

मावशींनी झाडूच्या दांड्यानं वर दाखवलं. उत्तरेकडच्या सगळ्यात उंच खिडकीत अर्ध्यापर्यंत रंगीत काचा होत्या आणि वर नुसत्या फळ्या ठोकलेल्या. "खिडकी दुरुस्त करायला आला होता. उंचीची भीती फार. तरी चढायचा. म्हणायचा, खाली आईनं शिडी धरलीय, आता काय घाबरायचं."

"मग बरंच की."

"आई त्याच्या लहानपणीच गेलेली."

मास्तरांनी पुन्हा वर त्या फळ्यांकडे पाहिलं.

"काम काही संपेना त्याचं," मावशी म्हणाल्या. "आज लावलेली काच उद्या काढायचा. परत लावायचा. परत काढायचा."

"आता कुठं असतो?"

मावशींनी कचरा सुपलीत भरला. "शिडी अजून मागं पडलीय. न्यायला कुणी आलं नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या.

काहीतरी भाकड, असं मास्तर स्वतःला म्हणाले. पण त्या दिवशी आत बसल्यावर त्यांनी बोलणं थोडं कमी केलं.

काम संपत आलं. शेवटची रांग तेवढी राहिली. फोनवर मुलगी म्हणाली, "शनिवारी येते. सामान बांधून ठेवा." मास्तर बरं म्हणाले. शेवटची नळी सुरात आली की ‘पुढं’ म्हणायचं कारण संपलं. मग तिकडे मुलीच्या घरी एक पलंग, एक खिडकी, आणि हिला इथं एकटीला सोडून जायचं? एकदा सोडली तेव्हा इलाज नव्हता. आता कुठल्या तोंडानं?

त्या दिवशी आत बसून मास्तरांनी जन्मात केलं नव्हतं असं काम केलं. आदल्या दिवशी लावलेल्या नळीला ठोकणीनं उलट्या बाजूनं टिचकी दिली. सूर ढळला. हेलकावे सुरू झाले. ऐकून त्यांच्याच दाताला कळ लागली. मग दुसरी. मग तिसरी. सगळी रांग बिघडवून झाल्यावर, चोरी करून यावं तसा त्यांना घाम फुटला होता.

"पुढं," ते म्हणाले.

सूर लगेच आला. फारच लगेच आला. मधला तो श्वास त्यात नव्हता.

मग मास्तरांच्या लक्षात येत गेलं, की तो श्वास बरेच दिवस लहान होत चालला होता. आता तर शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत पुढची पट्टी दाबलेली असायची. कधी त्यांनी नुसतं तोंड उघडलं तरी. आणि संध्याकाळी "बास आजचं" म्हटल्यावरही सूर थांबेनासा झाला. ती बिचारी ‘बास’ म्हटलं की अर्ध्या वाक्यात मासिक मिटून उठायची, घरी जायची एवढी घाई. आता मास्तरांना पंखा बंद करून सूर तोडावा लागायचा. ‘रागावली असेल,’ ते म्हणायचे. ‘मी जाणार हे कळलं असेल तिला.’ जिना उतरताना मात्र ते मागं बघत नसत.

मुलगी शनिवारऐवजी शुक्रवारीच आली. भर दुपार होती. मास्तर आत होते, सूर धरलेला होता, आणि खालून हाक आली, "बाबा!"

"वर ये," मास्तर आतून म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जिन्यावर तिची पावलं वाजली. सज्ज्यात येऊन थांबली. तेवढ्यात सूरही थांबला.

"बाबा, आत आहात? मग हे वाजवत कोण होतं?"

"शिसं ठेवलं होतं. घसरलं असेल." मास्तर आतूनच म्हणाले. "तू बस बाकावर. एक पट्टी धर. एवढी रांग झाली की निघू."

ती बसली. आणि म्हणाली, "बाक गरम आहे की. आत्ताच उठलात वाटतं?"

मास्तर सकाळपासून आत होते. "हो," ते म्हणाले.

मुलीनं पट्टी धरली. मास्तरांनी ठोकणी घेतली. पुढं. पुढं. मुलीला सवय नव्हती, बोट हलायचं, मध्येच सूर तुटायचा. "आई कशी गं बसायची तासन्‌तास!" ती स्वतःशीच म्हणाली. मग सांगत राहिली. नातीनं आपलं टेबल हलवून खिडकीजवळची जागा आजोबांना दिलीय. जावयानं उशी आणलीय, मानेला बरी म्हणून. नात रोज शाळेतून आल्यावर विचारते, आजोबा आले का. तो जिवंत, थोडा चिरका, प्रवासानं दमलेला आवाज ऐकता ऐकता मास्तरांना स्वतःची शरम वाटली. पोरगी एवढ्या लांबून धावत आली आणि आपण इथं चांगल्या नळ्या बिघडवत बसलोय! ही रांग नीट लावायची आणि तिच्याबरोबर निघायचं. ठरलं.

"पुढं," ते म्हणाले.

मुलीचा सूर लागला. त्याला लागून दुसराही लागला, अगदी शेजारचा. दोन्ही मिळून कर्कश थरथरायला लागले.

"अगं, दोन पट्ट्या नको दाबूस."

"मी एकच दाबलीय, बाबा."

"बघ नीट. बोट लागत असेल."

मग तिचा सूर थांबला. दुसरा थांबला नाही.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

मास्तर बाहेर आले. मुलगी कठड्याला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात छातीशी. बाक रिकामं होतं. मधली एक पट्टी खाली दबलेली होती.

इतके दिवस जे बघायचं टाळलं, ते समोर होतं.

"अगं," मास्तर म्हणाले. मुलीला वाटलं, तिला म्हणताहेत. पण ते बाकाकडे बघत होते. "पोरगी न्यायला आलीय. बघितलंस ना? जाऊ दे मला."

सूर वाजत राहिला.

"बास आजचं. सोड ती."

सूर वाजत राहिला.

ती असती तर तिनं सोडली असती. जन्मभर तिनं दुसरं काय केलं होतं? सांगितलं की सोडायचं. आणि पोरीसाठी तर न सांगताही सोडली असती.

त्यांनी हात लांब करून पंखा बंद केला.

हवा उतरली. सूर खचत, विव्हळत बारीक झाला आणि विझला. छतात मात्र तो कितीतरी वेळ घुटमळत राहिला.

पट्टी खालीच होती.

मग शेजारची पट्टी खाली गेली. मग तिच्या शेजारची. आवाज नाही, नुसती लाकडाची टकटक. एकामागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सूर कुठं गेला ते कुणीतरी चाचपडत शोधत होतं.

मुलीनं त्यांची बाही धरली आणि दोघं जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात ते थबकले.

वर टकटक थांबली होती.

मग दोनदा. झटकन.

मास्तरांचं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती नुसती मान हलवत होती, नको, नको.

जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी उत्तर दिलं नाही.

मुलीच्या घरी सगळं नीट होतं. खिडकी होती, उशी होती, नात होती. शेवटची रांग बेसूर टाकून आलो ही बोच मास्तरांना होती. आणि दुसरी बोच होती ती बोलायची नव्हती. समजा ती तीच असेल तर? एवढ्या दिवसांनी भेटलेलं माणूस कुणी सहज सोडेल का? आपण सोडलं. माणसांनी भरलेल्या घरात म्हातारा खिडकीशी बसून हेच उगाळत राहायचा.

थोड्याच दिवसांत मावशींचा फोन आला.

"मास्तर, काम छान झालं हो. परवा ऑर्गन वाजला, शेवटपर्यंत सुरात. सगळ्यांनी नाव काढलं."

मास्तर म्हणाले, "शेवटची रांग राहिली होती माझी."

"ती केलीत ना नंतर? तुम्ही परत आलात त्या दुपारी मी खाली झाडत होते. तुमचा आवाज काय ओळखू येत नाही मला? काय हसत होतात! त्या बाईही हसत होत्या. म्हटलं, कशाला मध्ये जा. दार ओढून घेतलं नि गेले."

"मावशी," मास्तर म्हणाले, "मी आलोच नाही. मी इथंच आहे, मुलीकडे."

तिकडे झाडू भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"हो का," मावशी म्हणाल्या. त्यांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. "मग असू द्या. बरे आहेत दोघं." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. जावयानं ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली, डुलत डुलत, पोट पुढं काढून. मुलगी डोळे पुसेपर्यंत हसली. नात खुर्चीवरून पडायची राहिली. मास्तरांनाही हसू आवरेना. तोंड उघडलं, खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं.

नात हसता हसता थांबली. त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या हसण्याला आवाज का नाही?"